विमानाआधीचा पेला

पेला उजेडाकडे धरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "हे दारू नोहे गा. अंगूरचा रस होय." नागपूरच्या विमानतळावरच्या त्या चार टेबलांच्या बारमध्ये हे म्हटल्याशिवाय भाऊंना पहिला घोट उतरत नसे. रस पोर्ट वाइनचा होता आणि तो प्यायला खिशात सरकारी परमिट लागायचं, एवढं सोडलं तर म्हणणं बरोबर होतं.

शहरात सदर भागात मी विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात होतो. खाली भाऊंचं लुगड्यांचं दुकान. त्या काळी विमानाने जाणारं गिऱ्हाईक म्हणजे अप्रूप, त्यामुळे मी स्वतः सोडायला जायचो. भाऊंना तर सोडायलाही आणि परत आणायलाही, एकाच फेरीत.

त्यांची एकुलती एक मुलगी दिल्लीत होती. तिने तिथल्याच एका पंजाबी मुलाशी परस्पर लग्न केलं. वर्षभर भाऊंनी तिचं नाव काढलं नाही. पुढे राग ओसरला, पण तिच्यासमोर उभं राहायची हिंमत होईना. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुकानात दहा बायकांना पुरून उरतात आणि घरच्या एका पोरीला भितात.

"तिच्याकडे चहा तरी घ्याल की नाही?" मी एकदा विचारलं.

"लेकीले लेकरू होत नाही तोवर बापानं तिच्या घरचं पाणीबी पिऊ नाही. रीत आहे ना गा. म्हणून इथंच घसा ओला करून राहिलो."

घसा ओला करता करता दुसरा पेला यायचा. मग विमानाची घोषणा व्हायची. भाऊ तोंडापुढे पंजा धरून श्वास सोडायचे, हुंगायचे आणि पडेल चेहऱ्याने माझ्याकडे बघायचे.

"वास येऊन राहिला गा. अशा तोंडानं पोरीच्या दारात जाऊ काय?"

"अंगूरचा रस ना, भाऊ?"

"जावई हुशार आहे. त्याले समजते."

की निघालो आम्ही परत सदरला. असं तीनदा झालं. मला हसू यायचं आणि त्यांची कीवही यायची.

मग एक दिवस दिल्लीहून तार आली. मुलीला मुलगी झाली होती. भाऊ दुकान तसंच टाकून धापा टाकत वर आले. "काढ गा तिकीट."

बारमध्ये वेटरने न विचारताच पेला आणून ठेवला. भाऊंच्या मांडीवर पिशवी होती, तिच्यात जुन्या मऊ लुगड्याची दुपटी. ते पेल्याकडे बघत बसले. मी मनात म्हटलं, गेलं हेही तिकीट. तेवढ्यात घोषणा झाली. भाऊंनी पेला माझ्याकडे सरकवला.

"तू पी गा. मी तहान धरून राहिलो."

आणि निघालेच. तो रस मी बिनपरमिटाचा प्यायलो. गोडमिट्ट, खोकल्याच्या औषधासारखा.

आता भाऊ नाहीत. त्यांच्या मागे दुकानाची आवराआवर करून मुलगी परतीचं तिकीट काढायला माझ्याकडे आली, तेव्हा मी तिला विचारलं, त्या दिवशी दिल्लीत काय झालं?

"बाबा दारातच उभे राहिले," ती म्हणाली. "पिशवीही खाली ठेवली नाही. म्हणाले, 'पाणी दे वं माय.' घटाघटा प्यायले, अन् रिकामा पेला पुन्हा पुढे केला."