आवाज न करणारा पाऊस

वाळवंटातल्या इब्री गावातल्या आमच्या बांधकामाच्या साइटचा सेफ्टी ऑफिसर चष्मा पुसायला लागला की मी सावध होतो. पूर्वी तो जपानी साहेबाच्या हाताखाली होता, तिथे शिकलेले जपानी शब्द अजून मिरवतो. "उंचावरून पडला तर ओचिरु, ठेच लागून पडला तर कोरोबु. दोन्ही वेगळं, समजलं?"

परवा एक मजूर तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला. त्याने माझ्याकडे टायपिंगला दिलेल्या रिपोर्टात मात्र होतं : 'पावसाने ओल्या झालेल्या जमिनीवर पाय घसरला.'

"साहेब, पाऊस कधी पडला?"

त्याने चष्मा काढला. "शितो-शितो पडला. आवाज न करता पडणाऱ्या पावसाला जपानीत तसं म्हणतात. तुला कळला नसेल."

खिडकीच्या काचेवर महिन्याभराची धूळ होती, थेंबाची एकही खूण नव्हती. मी टाइप करायला घेतलं.