मामांचे पाटील आणि माझा महिषासुर

मामा माणसांना अरे-तुरे करायचे आणि रेड्याला अहो-जाहो. समोर तलाठी असो की डॉक्टर, "काय रं, लई दिसांनी?" एवढंच स्वागत. गोठ्यात शिरले की मात्र आवाज मऊ व्हायचा. "उठता का पाटील, ऊन आलं." पाटील म्हणजे त्यांचा रेडा. मामांची वाडी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला. आसपासच्या चार वाड्यांवरच्या म्हशी या पाटलांकडे यायच्या, म्हणून सगळे मामांना रेडेमामाच म्हणत. ते माझ्या आईचे चुलतभाऊ.

त्यांच्या बांधावर म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड होता. म्हैस व्याली की घरात खरवस शिजण्याआधी चिकाची धार त्या दगडावर पडायची. नवरात्रात हेच मामा महिषासुराला मारणाऱ्या देवीपुढे घट बसवायचे. रेड्याचा देवही पुजता आणि त्याला मारणारी देवीही, हे कसं, असं मी एकदा विचारलं. "दोगं आपापल्या जागी हायेत. तू कशाला मदी पडतीस?" म्हणाले आणि वैरण टाकायला गेले.

मी पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. पडद्यावरच्या राक्षसांना चालवायचं, ही माझी नोकरी. पुराणावरच्या एका गेममध्ये एक मोठी लढाई तीन मजली उंचीच्या महिषासुराशी होती आणि तो चालायला लागला की खेळून बघणारे हसायचे. साहेबांनी स्वच्छ सांगितलं, महिन्यात हा नीट चालला नाही तर गेममधून तोही जाईल आणि तूही. मी शिवऱ्याला आईकडे आले आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन मामांची वाडी गाठली.

मामांनी पडद्याकडे बराच वेळ बघितलं. "ह्ये जनावर न्हाई. कपाटाला पाय लावल्यात तुमी." मग मला आठ दिवस गोठ्यात बसवलं. मोठं जनावर घाई करत नाही, हे त्यांनी पाटलांना पाण्यावर नेता-आणताना दाखवलं. चिडलेला रेडा थेट अंगावर येत नाही, हेही तिथेच कळलं. आधी तो तुमच्यासमोर आडवा उभा राहतो, मान खाली घालून सगळं अंग दाखवतो. "त्यो सांगतोय, मी केवढा हाय बघून घ्या आन् जावा घरी. न्हाई ऐकलं तर मग त्येचा विलाज न्हाई." तो बसतो कसा तेही मी टिपून घेतलं. आधी पुढचे गुडघे, मग मागचं धूड.

निघताना त्यांनी विचारलं, "शेवटाला ह्येचं काय करता?"

"अजून ठरलं नाही, मामा."

तो मरणार, हे ठरलेलं होतं. ते सांगितलं तर मामा गप्प होतील आणि पुन्हा काही विचारायला यावं लागलं तर माझं काम अडेल, अशी मला भीती वाटली.

महिषासुर पाटलांसारखा चालायला लागला, आणि हसणारे हसायचे थांबले. साहेब खूश झाले, नोकरी वाचली. पुढे मामा कसल्याशा कामाला नसरापूरला आले, तेव्हा शिवऱ्याला आमच्याकडे उतरले. ओट्यावर बसून म्हणाले, "दाव की गं तुजा राक्षस." मी लावला. धुळीतून तो आला, सावकाश, आणि आडवा उभा राहिला. मामांनी पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या आणि हात जोडले. "पाटीलच हायेत," म्हणाले. त्यांच्या तोंडावरचा तो आनंद मला अजून दिसतो.

मी खेळत राहिले. हाताला सवय असते. महिषासुर दमला, पुढच्या गुडघ्यांवर आला, आणि मी शेवटच्या घावासाठी बोट नेलं. मामांनी माझा हात धरला.

"थांब. बसलेत त्ये."

"मामा, खेळ आहे हो. मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

"मग म्होरं कशाला जायाचं?"

मी लॅपटॉप मिटला. मामांनी चहा घेतला, आईशी पावसापाण्याचं बोलले, आणि मला एका शब्दानेही न रागावता एसटीला निघून गेले. जाताना मात्र पहिल्यांदाच मला "येतो, ताई" म्हणाले. परक्या बाईला म्हणतात तसं.

त्याच वर्षी श्रावणात मामा गेले. मी वाडीवर पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. गेम बाहेर आला. कुठल्याकुठल्या देशांतले लोक महिषासुराच्या चालीचं कौतुक करतात आणि त्याला मारून पुढे जातात. आता नव्या गेमचं काम हातात आहे. त्यातलं जनावर म्हणजे हत्तीएवढा मेंढा आणि शेवटी तोही मरतो. त्याची चाल शिकायला मी एका म्हाताऱ्या मेंढपाळाकडे गेले होते. बसताच मी आधी शेवट सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. मी परत आले.