गाडी गेल्यावर जेवतो

आमच्या गावाला कोणाचे आभार मानता येत नाहीत. 'आभारी आहोत' हे शब्द आमच्याकडं फक्त माइकवर बोलले जातात. एरवी कोणी आपल्यासाठी काही केलं की त्याला पाटावर बसवायचं, आणि तो ताटावर आडवा हात धरून 'पुरे, पुरे' म्हणाला की त्याच्या बोटांवरून का होईना, आणखी वाढायचं, एवढंच आम्हाला येतं. या गुणापायी हिंगोली आणि वसमतच्या मधली आमची रेल्वे जरुरीपेक्षा बरीच जास्त बंद राहिली. किती जास्त, ते सांगत नाही, गावची अब्रू जाईल. कशी, ते सांगतो.

त्या वर्षी परतीच्या पावसानं वादळासकट धिंगाणा घातला. सकाळी उठून पाहतो तर ओढ्यावरच्या पुलाला लागून रेल्वेचा भराव वाहून गेलेला. माती गेली, खडी गेली आणि रूळ तेवढे जागेवर राहिले, दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखे हवेत लोंबत. सगळा गाव बघायला लोटला. पोरांनी फोटो काढले, म्हाताऱ्यांनी 'असं पाणी कधी पाह्यलं न्हाई' असं दरवर्षीप्रमाणे सांगितलं. मी मनातून खूश होतो. मी रोज सकाळच्या पॅसेंजरनं वसमतला खत-बियाण्यांच्या दुकानात कामाला जाई. गाडी बंद म्हणजे मला सुट्टी.

घरी आलो तर माय उंबऱ्यात बसून बोटं मोजत होती.

"सातवा सरत आला पोरीचा," ती म्हणाली. "अमोशा झाली की आठवा लागतो. कशी आणायची आता?"

माझी धाकटी बहीण वाशिमकडं दिलेली. पहिलटकरीण. बाळंतपणाला तिला माहेरी आणायची होती, आणि आठव्या महिन्यात आमच्याकडं बाईला प्रवासाला काढत नाहीत. त्यात तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, धक्के बसता कामा नयेत. न्यायचं तर रेल्वेनं न्या. हिंगोलीपर्यंत रेल्वेनं आणून पुढं जीप करावी म्हटलं, तर हिंगोलीपासून आमच्या गावापर्यंतचाच रस्ता रुंदीकरणासाठी खोदून ठेवलेला. त्या रस्त्यानं दुधाची कॅन नेली तर घरी येईपर्यंत लोणी निघत होतं.

बहिणीची सासू भली बाई. तिनं फोनवर सांगितलं, "इथंच करू की बाळंतपण. त्यात काय तकलीफ?" हे 'काय तकलीफ' मायला फार झोंबलं. फोन ठेवून ती म्हणाली, "माझं पहिलं सासरीच झालं. कळा सुटल्या तवा ओरडायची बी लाज वाटली मला, परक्या घरात. माझ्या लेकीला तसं व्हायचं न्हाई." मग पदरानं डोळे पुसले आणि मला विचारलं, "रेल्वेची माणसं कवा येणार?"

ती दुसऱ्याच दिवशी आली, केशरी जाकिटं घालून. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची रानं आणि रानात गुडघाभर चिखल. जेसीबी आणला तो बांधापाशीच रुतून बसला. मग सगळं हातावर आलं. वाळूची पोती खांद्यावरून न्यायची, दगड रचायचे, घमेल्याघमेल्यानं खडी टाकायची. त्यांचा मुकादम पूर्णेकडचा, काटकुळा, गळ्यात शिट्टी. तो बोलायचा कमी आणि खाली जास्त बघायचा.

मायनं मनात हिशेब केला: पोटभर जेवतील तर दुप्पट काम करतील. पहिल्याच दुपारी तिनं वरण-बट्टी केली. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या बट्ट्या, त्या ताटात कुस्करायच्या, वर तुरीचं वरण, आणि त्यावर तूप, म्हणजे वाढणाऱ्याचा हात दुखेस्तोवर तूप. बट्टी खाल्लेला माणूस नंतर कोणाच्या कामाचा राहत नाही हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर ती सुट्टीच्या दिवशी करतात. पण उत्साहात हे कोणाच्या ध्यानात राहतंय? माणसं जेवली, मायला 'लई झ्याक झालं' म्हणाली, बाभळीखाली जरा टेकली, आणि ऊन कलेपर्यंत घोरत पडली.

एकट्या मुकादमानं ताट घेतलं नाही. भरावावर उभ्याउभ्यानं त्यानं स्वतःच्या फडक्यातली भाकरी खाल्ली. "गाडी गेल्यावर जेवतो, मावशी," एवढंच म्हणाला. माय घरी येऊन धुसफुसत राहिली.

इथपर्यंत एका घराचा प्रश्न होता. पण आमच्या बट्ट्यांची वार्ता वरच्या आळीला लागली आणि त्यांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुरणपोळ्या केल्या. तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या चाचींनी दालचा-खाना, म्हणजे डाळ-मटण आणि भात, चढवला, त्याचा वास थेट पुलापर्यंत. खालच्या आळीनं बुंदी पाडली. रोज दुपारी पंगत, रोज आग्रह, 'आमच्यात तेवढं कमी खाता काहून?' म्हणून रुसवे. सकाळी थोडी खडी पडायची, दुपारनंतर माणसं पडायची.

त्यातच आमच्या निवृत्त मास्तरांनी सत्कार समिती काढली आणि स्वतःच तिचे अध्यक्ष झाले. शाली, नारळ, मंडप, सगळं ठरलं. मास्तर रोज भर कामात पुलावर जाऊन सत्काराच्या भाषणाचा सराव करत. बिचारे कामगार हातातली घमेली खाली ठेवून उभे राहत, कारण भाषण चालू असताना खडी टाकणं बरं दिसत नाही.

माय रोज बोटं मोजायची आणि रोज तुपाची बरणी घेऊन पुलावर जायची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे तिला मी सांगून पाहिलं. "उपाशी माणसाकडून काम करून घेऊ व्हय रे?" म्हणून तिनं मलाच झापलं.

शेवटी मुकादम मला ओढ्यावर गाठून म्हणाला, "भाऊ, एक इनंती हाय. तुमच्या गावाला सांगा, आमाला जरा उपाशी ठेवा."

मी हसलो. तो हसला नाही.

"माझी माणसं दुपारपर्यंत माणसं राहतात. मंग त्यांची पोती होतात. ती उचलू का वाळूची उचलू?"

गावाला सरळ सांगण्यात अर्थ नव्हता. 'जेवण बंद करा' म्हटलं असतं तर मलाच पंगतीतून उठवलं असतं. म्हणून संध्याकाळी पारावर मी हळूच एक पुडी सोडली. म्हटलं, ऐकलं का, पहिली गाडी जाईल त्या दिवशी रेल्वेचे बडे साहेब येणार आहेत. प्रत्येक आळीचं जेवण चाखून बघणार, आणि ज्या आळीचं सरस त्या आळीचा सत्कार. ज्यांचं तूप-तांदूळ आधीच संपलं त्यांचं काही खरं नाही.

त्या संध्याकाळी पार लवकर रिकामा झाला. बायकांनी आपापल्या घरी जाऊन डबे उघडून पाहिले असावेत, कारण दुसऱ्या दिवसापासून पुलावर भाकरी, ठेचा आणि कांदा एवढंच जाऊ लागलं. तेही मोजकंच. कामगार खूश झाले. भराव चढू लागला. चाचींनी मात्र मला मोहल्ल्याच्या तोंडाशी अडवलं. "कौनसा साब आ रा रे?" मी आभाळाकडं बघितलं. "सच बोल." मी म्हटलं, चाची, बहीण यायची आहे. त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

एकट्या मायला राहवेना. तिनं भाकरीच्या घडीत तुपाचा गोळा लपवून मुकादमाला पाठवला. त्यानं तो वाटीत काढून जसाच्या तसा परत केला. मग मात्र ती पदर खोचून भांडायलाच निघाली, आणि भांडण बघायला मिळेल म्हणून मीही मागं गेलो.

मुकादम भरावावर पालथा पडून रुळाखालच्या स्लीपरखाली हात घालून चाचपत होता. रूळ सरळ बसलेला आम्हाला दिसत होता.

"झालं की सगळं," माय फणकाऱ्यानं म्हणाली. "आता काय हुडकून राहिले?"

"मावशी, दिसाया झालंय," तो पडल्या पडल्याच म्हणाला. "गाडीचा भार खडीवर येतो. ती जरा दबली तं डबा कलतो. तुमची लेक यातनंच येणार हाय ना?"

"तुमाला कोणी सांगितलं?"

"रोज तूप घेऊन येता अन् रोज तेच सांगता."

मायनं खोचलेला पदर सोडला आणि ती घराकडं वळली. 

अमावस्या तोंडावर आली तेव्हा मुकादमानं सांगितलं, उद्या दुपारची पॅसेंजर सोडतील, सावकाश. मी त्याच दिवशी एसटीनं वाशिमला बहिणीच्या मुळाला, म्हणजे तिला माहेरी आणायला, गेलो. खोदलेल्या रस्त्यावर माझी हाडं एकेक करून सैल झाली, आणि डॉक्टरीणबाई किती शहाण्या आहेत ते मला पटलं. सासूबाईंनी बहिणीची ओटी भरून पाठवणी केली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीत बसलो.

बहीण खिडकीशी बसून गावापर्यंत बडबडत होती. ओढा जवळ आला आणि गाडी अशी हळू झाली की कडेनं चालणारी शेळी पुढं गेली असती. दोन्ही बाजूंनी केशरी जाकिटं उभी होती. मुकादम वाकून चाकांच्या बाजूनं गाडीबरोबर चालत होता. आणि त्याच्या चार पावलं मागं, पदर डोक्यावर घेऊन, आमची माय.

"माय! ए माय!" बहीण खिडकीतून हात काढून ओरडली. "इकडं बघ की!"

मायनं मान वर केली नाही. तीही वाकून चालली होती आणि चाकाखाली बघत होती. आमचा डबा पुलावरून पार झाला तेव्हा ती थांबली आणि मटकन खाली बसली. बहिणीनं हात आत घेतला.

पुढं गावच्या थांब्यावर मंडप, वाजंत्री, सगळा थाट. ज्यांच्यासाठी थाट होता ती माणसं मात्र पुलावर होती. गाडी पूर्ण पुढं गेल्याशिवाय त्यांना तिथून हलता येत नव्हतं. पण शेवटच्या डब्यातून पांढऱ्या शुभ्र कपड्यातला गार्ड खाली उतरला आणि गावाला हवा तो साहेब मिळाला. मास्तरांनी शाल घातली. वरच्या आळीनं पुरणपोळी पुढं केली, खालच्या आळीनं बुंदी कोंबली, चाचींनी माझ्याकडं बघत दालच्याचं ताट धरलं. गार्डच्या एका हातात हिरवी झेंडी, दुसऱ्या हातात नारळ आणि तोंडात पोळी, त्यामुळे शिट्टी वाजवायची कशी हा प्रश्न पडला. कोणती आळी सरस हे त्याला वीस जणांनी विचारलं. गाडी आमच्या पाहुणचारापायी पुन्हा एकदा लेट झाली.

घरी आलो तरी बहिणीचा फुगा उतरला नव्हता. मायनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, कडाकडा बोटं मोडली, तरी ती बोलेना. तेवढ्यात दारात मुकादम आला. गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली, हातपाय धुतले आणि पाटावर बसला.

"वाढा, मावशी. गेली गाडी."

माय वाढत गेली आणि तो खात गेला. एवढी भूक साठवून माणूस कसा राहिला असेल ते मला कळेना. मी उठून त्याचा तांब्या भरून आणला.

बहीण भिंतीला टेकून हे बघत होती. तिला राहवलं नाही. "सगळी गाडी माझ्याकडं बघून राहिली व्हती," ती म्हणाली. "मी एवढी ओरडले, अन् तू वर बी पाह्यलं न्हाई. सातव्या महिन्यात लेक येऊन राहिली, अन् मायला खडी बघायची पडली!"

मुकादमाचा घास हातातच राहिला.

मायनं वाकून त्याच्या ताटात तूप सोडलं. मान तशीच खाली ठेवून म्हणाली, "तुलाच तं बघत व्हते, बाई."