नव्या शेगडीवरचं दूध

आमच्या घाटकोपरच्या चाळीत सकाळ व्हायची ती धुराने. प्रत्येक दाराबाहेर कोळशाची शेगडी, आणि तिच्यापुढे पुठ्ठ्याने वारा घालणारी बाई. आमच्या दारातली बाई म्हणजे माझी आई, आणि तिला दमा. वारा घालायची, खोकायची, भिंत धरून उभी राहायची, की परत वारा. डॉक्टरांनी बाबांना तोंडावर सांगितलं होतं, "धूर बंद करा, नाहीतर बाई हातची जाईल." धूर बंद करा म्हणे! जसं काही आम्ही हौसेने पेटवत होतो.

गॅससाठी नाव घातलं होतं, नंबर कधी लागेल ते देवाला ठाऊक. वातीच्या स्टोव्हवर रॉकेलच्या वासाने तिची छाती आणखीच भरायची. राहता राहिली विजेची शेगडी. मी कॉलेजात होते, हा विषय मी लावूनच धरला आणि बाबांना ओढत दुकानात नेलं. बाबांनी शेगडी खालून पाहिली, वरून पाहिली, मुलगी दाखवायला आणल्यासारखे प्रश्न विचारले. शॉक बसेल का? भात नीट शिजेल का? दुकानदाराने तिच्यावर चहाच करून पाजला. धूर नाही, वास नाही. मला तर रडूच आलं. एवढंच सांगितलं त्याने, "तार उघडी असते, तिच्यावर काही सांडू देऊ नका."

चाळीची लाइट एकाच मीटरवर, त्यामुळे मालकाला विजेच्या शेगडीचं नावसुद्धा चालायचं नाही. बाबा त्याच्या पाया पडायचेच बाकी होते. डॉक्टरांचं ऐकून तो कसाबसा तयार झाला. "पण चाळीतली लाइट गेली, तर शेगडी त्या क्षणी बंद," म्हणाला.

शेगडी घरी आली. आईने तिला हळदकुंकू वाहिलं, पातेल्यात काठोकाठ दूध घातलं आणि हात जोडून उभी राहिली. आमच्याकडे नव्या चुलीवर पहिलं दूध उतू जाऊ देतात, म्हणजे घरात भरभराट होते. दूध वर चढायला लागलं तशी मी ओरडले, "अगं आई, बटण बंद कर! सांडेल तारेवर!"

"गप गं, शुभकार्यात ओरडू नकोस," ती म्हणाली. "थोडं सांडायलाच हवं."

बाबांना कळत होतं. पण किती महिन्यांनी ती हसत होती! ते काही बोलले नाहीत. मी बटणाकडे धावले तोवर दूध सांडलं, फट्कन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि अख्ख्या चाळीची लाइट गेली. शेजारपाजारची आरडाओरड सुरू झाली. पाठोपाठ मालक आला. बाबांनी परोपरीने विनवलं, नवी तार टाकू म्हणाले, पण छे! शेगडी पोटमाळ्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी आईने परत कोळसे पेटवले. "माझ्या नशिबात हाच जाळ," एवढंच म्हणाली. मला त्या मालकाचा संताप येत होता, त्या रीतीचा येत होता, बाबांच्या गप्प बसण्याचा तर सगळ्यात जास्त. करणार काय? खोकला वाढतच गेला. पुढच्या थंडीत ती गेली.

त्यानंतर गॅसचा नंबर लागला. हो, त्यानंतर! माणसं येऊन सिलिंडर जोडून गेली. माझी आत्या आली होती, तिने हळदकुंकू वाहून पातेलं चढवलं. बाबा समोर उभे होते. दूध फुगून काठाशी आलं.

"जाऊ दे उतू," आत्या म्हणाली, "घराची भरभराट होते."

बाबांनी हात पुढे करून गॅस बंद केला.

"कोणासाठी?" ते म्हणाले, आणि दूध खाली बसलं.