मल्लव्वाने लावलेला पंखा

आमच्या दवाखान्यातली मल्लव्वा आया अक्कलकोटकडची. मराठी बोलायची कानडी हेल काढून आणि भांडायची मात्र अस्सल कानडीत. अंगाने दणकट, पण पेशंटला कुणी सुई टोचू लागलं की स्वतःच डोळे मिटून घ्यायची. मी लॅबमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचपट्ट्या रंगवायच्या कामाला होतो. तिच्याबद्दल लिहायचं तर एका पंख्याबद्दल लिहावं लागतं, म्हणून आजवर टाळत आलो.

साल सत्त्याहत्तर. आमच्या डॉक्टरीणबाई मुंबईहून एक नवी पद्धत शिकून आल्या होत्या. अंडाशयावर गाठ असली, तर पोट न फाडता बारीक सुईने गाठीतला थेंबभर ऐवज ओढायचा, काचेवर पसरायचा आणि काच ओली आहे तोवर स्पिरिटच्या बरणीत बुडवायची. मग गाठ साधी की कॅन्सरची, ते सूक्ष्मदर्शकातून कळायचं. काच बरणीत जाईपर्यंत पंखा बंद ठेवायचा, असा बाईंचा दंडक होता. सोलापूरच्या कोरड्या हवेत काच वाळायला कितीसा वेळ लागतो! आणि एकदा वाळली, की पेशी ओळखू येत नाहीत.

ऑक्टोबरात मायाक्का आली. सांगोल्याकडची, मेंढरं राखणारी बाई. सोबत नवरा बाळासो. पोटात नारळाएवढी गाठ. टेबलावर घामाने निथळत तिने मल्लव्वाचा हात गच्च धरला होता.

"अक्का, जीव गुदमरतूय गं."

सुई निघाली. बाईंनी थेंब काचांवर पसरून त्या बरणीत बुडवायला माझ्या हातात दिल्या आणि त्या हात धुवायला गेल्या. मल्लव्वाला वाटलं, सुई निघाली म्हणजे काम झालं. तिने पंखा लावला.

वारं थेट माझ्या अंगावर आलं. चूक मला तिथल्या तिथे कळली होती. पण सकाळपासून जीव नुसता उकडून निघाला होता, बरणीचं झाकणही घट्ट बसलेलं, आणि खरं सांगतो, ते वारं गोड लागलं. बंद कर, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

दोन दिवसांनी पाहिलं तर काचांवरच्या पेशी सुकून गेल्या होत्या, काहीच सांगता येईना. पुन्हा सुई घालायला हवी होती. पण बाळासो दुसऱ्याच दिवशी बायकोला घेऊन गेला होता, कळप चरणीला निघाला होता म्हणून. बाईंनी जाब विचारला तेव्हा मी सगळ्यांसमोर मल्लव्वावर ओरडलो, "तुझ्या पंख्यानं घात केला!" ती भांडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर सुट्टीच्या दर दिवशी ती मायाक्काला शोधायला एसटीत बसायची. सांगोल्याचा बाजार, करमाळ्याचा बाजार, आणि भेटेल त्याला एकच विचारणं, "कुणाच्या रानात मेंढरं बसलेत?" पाच महिन्यांनी, फाल्गुनात, मोडनिंबजवळच्या एका रानात मायाक्का सापडली. मल्लव्वाने तिला त्याच दिवशी दवाखान्यात आणलं. पोट पाण्याने भरलं होतं. आता सुईची गरज उरली नव्हती. बाईंनी नुसता हात लावून पाहिलं आणि बाळासोला बाहेर बोलावलं.

मल्लव्वाने मायाक्काचे पाय धरले. "माझंच चुकलं गं. मी पंखा लावली, म्हणून तुझं रोग कळलं नाही."

"असं का म्हंतीस?" मायाक्का म्हणाली. "त्या दिशी लई बरं वाटलं बग. ह्या दवाखान्यात तेवढंच सुख मिळालं मला."

मी दारातच उभा होतो. निदान तेव्हा तरी माझं तोंड उघडायला हवं होतं. चैत्रात मायाक्का गेली.

पुढच्या वर्षी मल्लव्वा निवृत्त झाली. तोवर तिने पुन्हा पंख्याच्या बटणाला हात लावला नाही. पेशंटला उकडलं, तर पुठ्ठ्याने वारा घालत बसायची. निरोपाच्या दिवशी हार मीच घातला. ती खुर्चीत अवघडून बसली होती, सारखी वर बघत होती.

"सिद्धनाथा," ती हळूच मला म्हणाली, "तेवढं पंखा बंद कर की."

मी ताडकन उठलो आणि बंद केला.