पॉइंट तीनवरची डबी

त्या पावसाळ्यात भोरच्या आमच्या होमगार्ड पलटणीला दर रविवारी पानशेतचा बंदोबस्त लागायचा. वेल्ह्याकडं माणसं कमी पडत होती, म्हणून भोरहून बारा जण जायचे. साडेपाचला हजेरी, सहाला पोलिसांचा टेम्पो. कापूरहोळला चहा, मग नसरापूर, वेल्हे, पाबे घाट. साडेआठला ज्यानं त्यानं आपापल्या पॉइंटवर उभं राहायचं. संध्याकाळी सातला परत.

होमगार्डला लोक शिपाई मानत नाहीत. फौजेतून आलेले तर तोंडावर हसतात. पण खाकी, शिट्टी, काठी, परेड सगळं तसंच असतं, आणि हुकूम तो हुकूमच. मी एकवीस वर्षं नोकरी केली. शिक्षण चौथी. मी भरती झाले तेव्हा तेवढं चालायचं. एरवी भाताच्या गिरणीत कामाला होते. दोन हजार साल उलटून दहा-अकरा वर्षं झाली होती आणि माझी पन्नाशी मागं पडली होती, तेव्हाची ही गोष्ट.

आमचा सेक्शन लीडर सलीम आतार. वय एकेचाळीस, बारावी पास. भोरच्या बाजारात त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. बायको रेहाना, दोन मुली. माणूस सरळ. ड्युटीवर एक मिनिट उशिरा आला नाही. खोड एकच. कशाचंही नाव निघालं की ते काय, कुठलं, कसं, हे त्याला कळायलाच पाहिजे.

त्याच्या मेहुण्यानं बोटीवरच्या नोकरीतून त्याला एक डबी आणून दिली होती. तळहातावर मावेल एवढी, काळी-पांढरी काच असलेली. फोन नव्हे. तिला सिम नाही, रेंज लागत नाही, नेट लागत नाही. दोन पेन्सिल सेलवर महिना महिना चालायची. आत म्हणे जगातल्या सगळ्या गोष्टींची माहिती भरलेली. नाव टाकायचं, की तिची पानं उघडायची. सगळं इंग्रजी. चित्र एकही नाही, नुसती अक्षरं. सलीम वाचायचा आणि आम्हाला मराठीत सांगायचा.

बंदोबस्तात दहा तास उभं राहायचं म्हणजे अंगापेक्षा डोकं जास्त शिणतं. डबीनं तेवढा वेळ जायचा. खेकडा किती वर्षं जगतो, चहा मूळचा कुठला, वटवाघूळ आंधळं असतं का. कुणीही विचारायचं. सलीम बोटानं एकेक अक्षर टिपायचा आणि दोन मिनिटांत उत्तर द्यायचा. कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.

माझं आणि त्या डबीचं मात्र पटायचं नाही. वटवाघूळ आंधळं असतं असं मी म्हणाले होते. डबी म्हणाली, दिसतं त्याला. सगळे हसले. पुढच्या रविवारी मांडुळाचा विषय निघाला. मांडूळ दोन तोंडांचं असतं, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. तसं सांगितलं.

सलीम म्हणाला, "थांबा मावशी, बघू."

मग वाचून सांगितलं. तोंड एकच. दुसरं वाटतं ते आखूड शेपूट. त्याच पानाखाली त्याच्या भाऊबंदाचंही लिहिलं होतं, ते त्यानं मोठ्यानं वाचलं. डुरक्या नावाचा साप. जाडजूड, आखूड शेपटीचा, अंगावर तपकिरी ठिपके. विष नाही. लोक घोणस समजून उगाच मारतात.

"घोणस बगितलीय का कवा तुज्या डबीनं?" मी म्हणाले.

"तिनं न्हाई, मावशी. पर तुमी तरी दोन तोंडाचं मांडूळ कुठं बगितलंय?"

टेम्पोत कापूरहोळपर्यंत मला 'दुतोंडी मावशी' म्हणत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले. राग आला होता. खोटं कशाला सांगू.

त्यानंतरचा रविवार श्रावणातला. पॉइंट तीन म्हणजे धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याचं एक वळण. पावसानं रस्त्याची कड खचली होती, खाली पंचवीस-तीस फूट उतार. एका वेळी एकाच बाजूची गाडी सोडायची. सलीम वरच्या टोकाला, मी खालच्या. मध्ये दोर बांधलेले खांब. वॉकीटॉकी त्याच्याकडं, कारण तो सेक्शन लीडर. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता.

बारापर्यंत पुण्याच्या गाड्यांची रांग लागली. एक वाजता वाऱ्यानं एक खांब आडवा झाला. त्याच्या बुडाशी ठेवायला सलीम कडेच्या ढिगातला दगड उचलायला गेला. मी तो खांब धरून दहा पावलांवर होते. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. आधी आवाज आला. कुकरची शिट्टी अडकून वाफ सुटावी तसा, लांबलचक. मग सलीमनं हात झटकला. साप दगडाखालून निघाला आणि गवतात गेला. जाड. ठिपक्यांचा. मला मागचा अर्धा दिसला.

माझं माहेर वेल्ह्याच्या अंगाचं. भात कापताना, पेंढ्या रचताना तो आवाज मी दहा वेळा ऐकला आहे. आमची गाय तसल्याच सापानं गेली. असा श्वास घोणसच टाकते.

सलीमच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर दोन ठिपके होते. रक्ताचे दोन थेंब. त्यानं रुमाल काढून मनगटाला करकचून बांधला. डाव्या हातानं डबी काढली. मागच्या रविवारचं पान तिच्यात तसंच होतं. उभ्या उभ्या वाचलं.

"जाड, आखूड शेपटी, तपकिरी ठिपके. डुरक्या हाय, मावशी."

"आवाज केला त्यानं."

"आवाज समदेच करत्यात."

त्यानं वॉकीटॉकी उचलली. "पॉइंट तीन ते कंट्रोल."

"बोला तीन."

"साप चावलाय. बिनविषारी. पॉइंट चालू आहे. ओव्हर."

"नक्की ना, आतार? जीप पाठवू का? ओव्हर."

सलीमनं माझ्याकडं बघितलं. थट्टा नव्हती त्या बघण्यात. तो मला विचारत होता.

"काय मावशी? डुरक्याच ना?"

मी म्हणाले, "तुजी डबी म्हनती तर आसंल."

त्यानं बटण दाबलं. "जीप नको. ओव्हर."

खालून हॉर्न वाजत होते. मी माझ्या टोकाला गेले.

पावणेदोनला तो हात पोटाशी धरून उभा दिसला. विचारलं तर म्हणाला, आग होतेय, पण चावल्यावर होणारच. सव्वादोनला हात मनगटापर्यंत सुजला. अंगठी बोटात रुतली होती.

"सूज हाय लई."

"रुमाल आवळलाय म्हणून. सोडतो."

रुमाल सोडला. पंधरा मिनिटांनी सूज कोपराकडं सरकलेली होती. मी म्हणाले, "दवाखान्यात जा तू. आवाज घोणशीचा व्हता."

"आता सांगताय?"

"आता सांगतीय."

"मावशी, आपण दोघंच. मी गेलो तर वरचं टोक कोण धरणार? एक गाडी खाली गेली तर?" मग हसला. "आणि वटवाघळाला दिसत न्हाई, व्हय ना?"

मी तिथंच हिसका देऊन वॉकीटॉकी घ्यायला पाहिजे होती. हुकूम आठवला. परत टोकाला गेले.

साडेतीनला एक गाडी सोडून मी वर बघितलं. सलीम कठड्यावर बसला होता. ड्युटीवर तो कधी बसायचा नाही. जवळ गेले. पुढ्यातल्या दगडावर तो लाल थुंकला होता. सलीम पान खात नव्हता. त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

डबी मांडीवर होती. डाव्या हातानं त्यानं दुसरं पान काढलं होतं. या वेळी घोणशीचं. हळूहळू वाचत होता, मला सांगत होता.

"सूज. बरोबर हाय. हिरड्यांतनं रक्त. हे बी हाय." डाव्या अंगठ्यानं पान सरकवलं. "फुत्कार लई मोठा आसतो, आसं लिवलंय, मावशी."

"पुढं?"

"पुढचं न्हाई वाचत."

डबीनं चूक केली नव्हती. दोन्ही पानं तिच्यात होती. आम्ही चुकीचं पान उघडून उभे राहिलो होतो, आणि तिला साप दाखवायला चित्र नव्हतं.

मी त्याच्या पट्ट्याची वॉकीटॉकी काढली. कुठलं बटण, ते त्यानंच दाखवलं.

"पॉइंट तीन. जीप पाठवा. घोणस चावलीय."

"कोण बोलतंय? सेक्शन लीडरला द्या."

"सेक्शन लीडरच्या तोंडातनं रक्त येतंय. जीप पाठवा."

"किती वाजता चावली?"

"एक दहा."

पलीकडून आवाज आला, "निघाली. ओव्हर."

जीप चारला आली. तोवर धरणाकडून परतणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरला होता. मी सलीमला मागं बसवलं, शिट्टी तोंडात घेतली आणि जीपच्या पुढं चालत सुटले. बॉनेटवर, काचांवर काठी आपटत गाड्या कडेला लावल्या. एकानं शिवी दिली. त्याचा आरसा मी फोडला. अर्धा कोस असं गेलो. मग रस्ता मोकळा मिळाला आणि जीप मला सोडून गेली. सलीमनं मागच्या काचेतून डावा हात वर केला. मी पॉइंटवर परत आले, कारण तिथं कुणीच नव्हतं. सातपर्यंत उभी राहिले.

पुण्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, रक्त दिलं. लघवी बंद झाली होती. मंगळवारी सकाळी साडेनऊला तो गेला.

भोरच्या कब्रस्तानात बायका जात नाहीत. पलटणीतले बाप्ये आत गेले. मी युनिफॉर्मवर बाहेर रस्त्यावर सावधानमध्ये उभी राहिले. आतून माणसं बाहेर पडली तेव्हा विश्राम केला.

गुरुवारी समादेशक साहेबांनी जबाब घेतला. चावा किती वाजता, कळवलं किती वाजता, जीप किती वाजता. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "आणखी काही?"

"साप मी वळखला व्हता. आवाजावरनं. त्यानं विचारलं, तवा मी सांगितलं न्हाई."

"का?"

"त्याच्या डबीनं मला दोनदा खोटं पाडलं व्हतं. म्हनलं, आता तिलाच इचार."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे लिहायची गरज नाही, बाई. त्यानं काय फरक पडणार?"

लिहिलं नाही. मी खाली सही केली.

त्याच आठवड्यात रेहानाकडं गेले. ती निवडायचे तांदूळ पुढ्यात घेऊन बसली होती. जे साहेबांना सांगितलं, ते तिलाही सांगितलं.

ती म्हणाली, "त्यांनी तुमाला इचारलं व्हतं?"

"व्हय."

"तोंडानं इचारलं?"

"व्हय."

ती उठून आत गेली. मी बसून राहिले. बऱ्याच वेळानं मोठी मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, अम्मी म्हणती तुमी जावा. मी निघाले. पुन्हा त्या घरात गेले नाही. बाजारात दिसली की ती रस्ता बदलते. बरोबर करते.

होमगार्डचं नाव कुठल्या दगडावर कोरत नाहीत. म्हणून इथं लिहिते. सलीम आतार, सेक्शन लीडर, भोर पलटण. घड्याळ दुरुस्त करणारा. पॉइंट सोडला नाही. चावा एक वाजून दहा मिनिटांनी, पॉइंट तीनवर. मी वायरलेस केला साडेतीनला. मधले दोन तास वीस मिनिटं माझ्याकडं आहेत.