परसों म्हणजे परवा नव्हे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वाणसामान, औषधं, विम्याच्या तारखा — सगळ्याच्या याद्या करणारी बाई मी. पण याला कुठल्याच यादीत जागा दिली नाही. आज तुम्हाला सांगते.

हैदराबादेत, कुकटपल्लीच्या ऑफिसात आम्ही बेगम बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी मालसाठ्याचं सॉफ्टवेअर करत होतो. ते होत नव्हतं. एक चूक काढली की दुसरीकडे बिघडायचं. चालू ठेवायचं की बंद करायचं, हे पुण्याच्या मुख्य ऑफिसातले साहेब माझ्या शब्दावर ठरवत.

असं बुडतं काम लोक का चालू ठेवतात? आधी ओतलेलं वाया जाऊ नये म्हणून, म्हणतात. बैठकीत मीही तेच म्हणायची. पण माझं कारण — कसं सांगू? — जेवणाचं टेबल होतं.

नवरा गेल्यापासून घरी मी टीव्हीसमोर जेवते. ऑफिसात मात्र डबे उघडले की जावेद, आमचा मुख्य प्रोग्रामर, माझं थालीपीठ तोडून म्हणायचा, "मिर्ची किधर गई मॅडम? पूना जाको आए क्या?" मी इथल्याच हिमायतनगरात जन्मलेली, तरी रोज चिडल्याचं नाटक करायची. सगळे हसायचे. प्रोजेक्ट बंद म्हणजे हे बंद.

एका दुपारी तोच म्हणाला, "इसकी बुनियादच कच्ची है मॅडम. बंद करा दो." त्याला बंगळुरात नोकरी मिळत होती, बायको आणि लहान मुलगी तिथेच होत्या. मी म्हटलं, "तुम गए तो सब बैठ जाएगा. कब तक होगा, वो बोलो."

खांदे उडवून तो म्हणाला, "परसों."

हैदराबादेत परसों म्हणजे काय, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पुढचा महिना. पुढचं वर्ष. कधीच नाही. मी पुण्याला कळवलं — परवा चाचणीला देतोय. साहेबांनी पुढचा टप्पा मंजूर केला. परवा उलटल्यावर किरकोळ अडचणी सांगायला मला कितीसा त्रास पडणार होता?

जावेद थांबला. बंगळुरची जागा भरली गेली. शनिवारी बसने मुलीकडे जायचा, सोमवारी तांबारलेल्या डोळ्यांनी टेबलावर यायचा. मी थालीपिठात मिरची वाढवली — बस, तेवढंच केलं.

प्रोजेक्ट शेवटी बंदच झाला. तोवर त्याची मुलगी फोनवर दोन शब्द बोलून आईकडे फोन देऊ लागली होती. हेही त्याने टेबलावरच सांगितलं होतं, हसत. त्याच्या परसोंचं मी काय केलं, हे त्याला अजून माहीत नाही.

आता तो बंगळुरात आहे. मध्ये मी फोन केला — इकडे आलात तर घरी जेवायला या.

"हौ मॅडम," तो म्हणाला, "परसों आतूं."

भाजणी दळून आणली आहे. परसों म्हणजे काय, मला ठाऊक आहे.